प्रभावतीचं कॉलेज

प्रभावतीला कॉलेजचं वेड कुठून लागलं, हे तिच्या आईला, कोकिळाबाईला, शेवटपर्यंत कळलं नाही. पांढरकवड्याच्या त्या वस्तीत तोवर कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलगी थोडी उंच झाली की तिचे हात पिवळे करायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच ठाऊक. ही मात्र मॅट्रिकला बसली आणि अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात पासही झाली. खरं सांगायचं तर कॉलेजबद्दल तिलाही फारसं काही माहीत नव्हतं. शाळेतल्या एका मास्तरांनी बोलता बोलता सांगितलं होतं की तिथे प्रोफेसर लोक विद्यार्थ्यांना अहो-जाहो करतात, बस्स! तेवढ्यावर ही भुलली. जन्मात जिला ‘ए पोरी’पलीकडे कुणी हाक मारली नाही, तिला कुणीतरी ‘बसा’ म्हणणार, ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाता जाईना. पाणी शेंदताना, भाकरी थापताना ती मनानं यवतमाळच्या कॉलेजात जाऊन बसलेली असायची. धाकट्या नलूची वेणी घालताना हात भलतीकडेच चालायचा आणि नलू किंचाळायची, “ओढू नको वो बाई, केस हायेत ते!”

बाप बळीराम सरकी काढायच्या जिनात कामाला होता. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात राबायचा आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन यायचा. स्वभाव म्हणाल तर एक घाव दोन तुकडे. छप्पनच्या दसऱ्याला तो ट्रकवर बसून नागपूरला गेला, दीक्षा घेतली, आणि परत आला तो मान ताठ करूनच. घरातले देव त्याच आठवड्यात नाल्याला गेले. दीक्षा तशी वस्तीतल्या सगळ्यांनीच घेतली होती. पण बाकीच्यांनी पोरांची शाळेतली नोंद होती तशीच राहू दिली. बळीरामला ते काही पचेना. “घरी एक न् शाळेत दुसरं, असं कायले?” म्हणत तो धुवट धोतर नेसून शाळेत गेला, रीतसर अर्ज केला, आणि दोन्ही मुलींच्या नावापुढचं ‘हिंदू महार’ काढून तिथे ‘बौद्ध’ लिहून घेतलं. वर शाळेत पेढे वाटले. जसं काही मुलींची बारशीच होती! प्रभावतीनंही त्या दिवशी दोन पेढे खाल्ले, आणि तिलाही बापाचा अभिमान वाटला होता.

त्या पेढ्यांची चव मॅट्रिकचा निकाल लागल्यावर उतरली. शाळेतले कारकून किसनराव तोंडानं फटकळ, पण मनानं चांगले. त्यांनी बापलेकीला टेबलाशी बोलावून घेतलं आणि समजावलं, “सरकारची स्कॉलरशिप अनुसूचित जातीच्या पोराइले भेटते. बौद्ध झालं का त्या यादीतून नाव गेलं.”

“म्हंजे आता आमची जात गेली?” बळीरामनं विचारलं. “मंग लोकं आमाले गावच्या विहिरीवर काहून येऊ देत नाहीत?”

“ते मले नको विचारू बाप्पा. मी कारकून माणूस.”

स्कॉलरशिपशिवाय कॉलेज म्हणजे बोलणंच खुंटलं. जिनाची मजुरी सगळी पोटातच जात होती. प्रभावतीचा चेहरा पाहून किसनराव जरा विरघळले. एक वाट होती. तहसिलीत प्रतिज्ञालेख द्यायचा, की आमचा धर्म हिंदूच आहे, शाळेतली नोंद चुकून झाली. मजकूर ते स्वतः लिहून देणार होते. बळीरामनं साहेबापुढे उभं राहून ‘खरं आहे’ म्हणायचं आणि सही ठोकायची. दुसऱ्या गावांतली नोंद न बदललेली पोरं स्कॉलरशिप घेतच होती, मग हिनंच काय घोडं मारलं होतं?

“म्हणीन मी,” बळीराम म्हणाला. “पोरीसाठी म्हणीन.”

तहसिलीत जाताना प्रभावतीचे पाय जमिनीवर नव्हते. यवतमाळात मावशीकडे राहायचं, वह्या कोणत्या घ्यायच्या, सगळं तिचं ठरून गेलं होतं. नायब तहसीलदारांनी कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचला. मग चष्म्यावरून बघत विचारलं, “धर्म हिंदू. खरं आहे?”

बळीरामनं उपरण्यानं मान पुसली.

“अरे, तुलाच विचारतोय. खरं आहे का हे?”

बळीरामनं लेकीकडे पाहिलं. प्रभावतीला कळलं की आता आपण नुसतं ‘म्हण ना बा’ म्हटलं, तर हा म्हणेल. शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिला कॉलेज हवं होतं, त्या घटकेला दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं. पण समोर बाप भर कचेरीत घामानं चिंब होऊन उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बापाला तिनं कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिनं मान खाली घातली.

“नाही साहेब,” बळीराम म्हणाला. “खोटं हाय ते. आमी बौद्ध हावो.”

कोकिळाबाईनं त्या दिवशी नवऱ्याला घर डोक्यावर घेऊन बोल लावला. बळीराम एवढंच म्हणाला, “मले वाटलं होतं, म्हणता येईन.” बापाचं चुकलं नाही, हे प्रभावतीला उमजत होतं. तरी ती कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. खरं बोलणारा बाप असावा, पण त्यानं एकदा, फक्त एकदाच खोटं बोलायला हवं होतं, असं तिला राहून राहून वाटायचं.

पुढे तिला राळेगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मॅट्रिक झालेली मुलगी तेव्हा शोधून सापडत नव्हती. बळीरामच्या छातीत जिनाचा धुरळा बसला, खोकला लागला आणि काम सुटलं. घर प्रभावतीच्या पगारावर चालू लागलं. शाळेसमोरून यवतमाळची एसटी जायची, तेव्हा ती मुलांना पाढे म्हणायला लावून दाराशी उभी राहायची. गाडी दिसेनाशी झाली की मगच पुढचा पाढा.

महाराष्ट्र राज्य झालं आणि मागून नवबौद्धांनाही सवलती मिळाल्या. बातमी कळल्याबरोबर बळीराम खोकत खोकत किसनरावांकडे गेला, स्कॉलरशिपचा अर्ज आणला आणि थेट प्रभावतीचं खेडं गाठलं.

“घे माय. आता खोटं लिहा लागत नाही,” तो म्हणाला. “भर तुह्यं नाव.”

प्रभावतीनं अर्ज हातात घेतला. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून काढला. पण नोकरी सोडली तर चूल कशावर पेटणार होती? आणि नलू त्याच वर्षी मॅट्रिक झाली होती. प्रभावतीला नलूचा हेवा वाटला, अगदी अंगाची आग होईल इतका वाटला, आणि त्याची तिला लाजही वाटली. मग तिनं दौत पुढे ओढली आणि सुवाच्य अक्षरात नलूचं नाव लिहिलं. बळीराम ते बघत होता. “मी तुह्यासाठी आणलंता वो,” एवढं म्हणून तो उठून बाहेर गेला.

नलू कॉलेजात गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा प्रभावतीनं तिला हातातली पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही. वर्ग कसा असतो, फळा केवढा, मुली कुठे बसतात, सगळं विचारून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नलू पार कंटाळली.

“आन् तू कोठी बसते?” प्रभावतीनं विचारलं.

“मी? एकदम मांगं. मांगं कोणी काही विचारत नाही.”

प्रभावतीनं नलूचा हात आपल्या हातात घेतला.

“आता गेली का पुढच्या बाकावर बसत जाय,” ती म्हणाली. “मी असती त पुढंच बसली असती.”