काळ्या पट्टीमागे

माझ्या सोनोग्राफीची ख्याती अशी, की पंडरीच्या बाजारात कोणी शिंकलं तर मी चौबे कॉलोनीतल्या दवाखान्यात बसून त्याचं यकृत सांगावं. निदान मी तरी लोकांना असंच सांगत आलो. त्या खंडेनवमीपर्यंत.

नवमीला आमच्याकडे पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. आईने विळी, कात्री आणि माझ्या मशीनचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायची मूठ, पाटावर मांडून कापराने ओवाळलं.

दसरा झाल्यावर बीरगांवहून एक बाई आली, मूळची वर्ध्याकडची. कारखान्यात कामाला असलेला नवरा सोबत होता. उजव्या कुशीत दुखत होतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी. पित्ताच्या पिशवीतल्या खड्यामागे अशी सावली पडते.

"पथरी आहे," मी जाहीर केलं. "बोराएवढी. शेंदूर फासला तर लोक नारळ फोडतील."

"ऑपरेशन लागन का, डॉक्टरसाहेब?" नवऱ्याने विचारलं.

"हव."

खडा सापडला म्हणून पुढे पाहिलंच नाही.

पुढच्या पेशंटलाही तीच पट्टी. त्याच्या पुढच्यालाही. मग दार लावून मूठ माझ्याच पोटावर ठेवली. पट्टी होती. मूठ सरकवली, तशी तीही सोबत सरकली. खडा असा पाठलाग करत नाही. शिवाय खड्याची सावली खड्यामागून सुरू होते. ही थेट कातडीपासून होती. नवशिक्यालाही कळलं असतं.

पूजेत मुठीला काही झालं का, असं आईला विचारलं.

"जळता कापूर पडला होता त्याच्यावर," ती म्हणाली. "म्या पदरानं पुसला. तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

मुठीच्या रबरावर नखाएवढा डाग होता. त्याखालचे स्फटिक मेले होते. तिथून ध्वनिलहरी जात नव्हत्या, परत येत नव्हत्या.

बाईला दुसऱ्या दिवशी बोलावलं. मशीनची दुसरी मूठ लावली. पट्टी गेली. पित्ताची पिशवी घासलेल्या भांड्यासारखी स्वच्छ. आणि पट्टी जिथे होती, तिथे यकृतात एक गोळा, वेड्यावाकड्या काठाचा. मूठ सरकवली. तो जागचा हलला नाही.

"केवढी हाय आता पथरी?" तिने विचारलं.

"पथरी नाही."

ती हसली. "पाहा," नवऱ्याला म्हणाली, "मी म्हणत नव्हती का, काहीच नाही म्हणून? काहून एवढे घाबरून राहिले होते?"

नवऱ्याने वाकून तिच्या चपला पलंगाजवळ सरळ करून ठेवल्या. ती उठायला लागली.

"थोडं अजून पडून रहा," मी म्हणालो.