जुन्या शहरातला रिमोटवाला ललित

अकोल्याच्या जुन्या शहरात कुणाच्या रिमोटची बटणं झिजली, की लोक ललितचं दुकान गाठत. जुन्या रिमोटचा इशारा तो यंत्रानं वाचायचा, त्याची एक फाइल निघायची. कोऱ्या रिमोटला मात्र दुसऱ्याच पद्धतीची फाइल लागे. एकीची दुसरी करून देणं साऱ्या गल्लीत त्यालाच जमायचं. आणि त्यातच गडी अडकला ना!

अमरावतीच्या एका कंपनीनं त्याला नोकरी दिली होती. सोमवारी दुपारपर्यंत हजर झाला नाही, तर दुसऱ्याला घेणार होते. दुकान वडिलांचं, डोमाजींचं. ते म्हणाले, "जाय ना बाबू, मी कुठी धरून राहिलो? दुकान अडलं नाही पायजे, बस." आता बोला! धरायचंही, वर सोडल्याचं पुण्यही घ्यायचं!

ललितनं डोकं लावून फाइली आपोआप बदलणारा प्रोग्राम लिहिला आणि नीलमवहिनीला शिकवला. वहिनी हुशार. बनवलेला प्रत्येक रिमोट ती मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरायची. दिवा जांभळा लुकलुकला, की पास. या धंद्यात सारे असंच तपासतात.

सोमवारी बस मूर्तिजापुरात थांबली आणि वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, कॅमेऱ्यात लाइट दिसते, पन सेट टॉप बॉक्स चालू होऊन नाही राहिला! गिऱ्हाईक तो डबा घेऊनच दुकानात बसलं हाय."

बसमधल्या गलक्यात नीट ऐकू येईना, म्हणून ललित उठला. तो खाली उतरला आणि बस निघून गेली. रिमोटचा उजेड सेकंदाला किती हजार वेळा लुकलुकतो, तो आकडा बहुतेकांचा अडतीस असतो. काही डब्यांना छप्पन लागतो. तिथं ललित सवयीनं आकडा हातानं बदलायचा, आणि प्रोग्राममध्ये नेमकं तेच लिहायचं राहून गेलं. कॅमेऱ्याला काय, उजेड दिसला की झालं!

"वहिनी, फाइलीत वरच अडतीस दिसते ना? तिथं छप्पन करा अन् पुन्हा बनवा."

थोड्या वेळानं फोनमधून टीव्हीचा आवाज आला. "चालला, भाऊजी! आता समजलं मले. तुमी जा बिनधास्त."

ललितला हसूच फुटलं. सुटलो बाप्पा, एकदाचे सुटलो! अमरावतीची पुढची बस लागतच होती. तेवढ्यात डोमाजींनी फोन घेतला.

"ललित, वापस ये."

"काहून बाबा? आता कुठी अडलं दुकान?"

"दुकान नाही अडलं." डोमाजी घुटमळले. "सकाळपासून मले तुह्या खुर्चीकडे पाहावत नाही रे. तुही माय गेली तवापासून तूच होता ना बाजूले."

बाप रागावला असता, तर ललित भांडला असता. त्या भांडणाची त्यानं पुरती तयारी केली होती. आता याच्याशी काय भांडणार, कप्पाळ? त्याला असा राग आला, असा राग आला, पण काढावा कुणावर तेच कळेना. अमरावतीची बस त्याच्या डोळ्यांसमोर भरली आणि गेली. मग तो रस्ता ओलांडून अकोल्याच्या बसमध्ये चढला.