भाऊजींचे चौकोन

आमचे भाऊजी ऑफिसात आकड्यांचे चौकोन काढतात. एका मोठ्या चौकोनात खात्यांचे चौकोन, त्यांच्या पोटात कामांचे. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याचा चौकोन मोठा. ज्यात नावही मावत नाही असे बारके तुकडे ते गोळा करून ‘इतर’मध्ये टाकतात.

परवा घरात जास्त कोण राबतं, यावरून ताईशी त्यांची जुंपली. “आता आकडेच बोलतील,” म्हणत ते तावातावाने लॅपटॉप घेऊन बसले. स्वयंपाक, धुणी, मुलांचा अभ्यास असे ताईचे चौकोन स्क्रीनभर पसरले. भाऊजींचं कचरा टाकणं कोपऱ्यात नखाएवढं उरलं. त्यात नाव मावेना, म्हणून सवयीने त्यांनी तेही ‘इतर’मध्ये ढकललं. ताई शेजारीच उभी राहून बघत होती.

काल मी तिला फोनवर विचारलं, घरी कोण कोण आहे?

“मी, मुलं आणि इतर.”