लीलाबाईच्या हातचं पाणी

गावाचं नाव सांगत नाही. तुमसर तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. या गोष्टीतले पुष्कळ लोक अजून हयात आहेत आणि या वयात मला कोणाशी भांडायचं नाही. भांडायचं होतं तेव्हा भांडलो नाही, म्हणून तर हे लिहायला बसलो.

लीलाबाई आमच्या शाळेत पाणी भरायची. छप्पन साली बापाचं बोट धरून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला, रविवारी तेवढा घरी. अडुसष्ट साली आमचे हेडमास्तर पुंडलिकराव यांनी तिला शाळेत लावलं. तोवर आमच्या भागात बौद्ध बाईनं भरलेलं पाणी सगळ्या शाळेनं प्यावं असं कुठे घडलं नव्हतं. पुंडलिकरावांचं तालुकाभर कौतुक झालं, एका सभेत हारही पडला. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

बाई कामाला वाघीण होती. विहिरीवरून डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेवर गुंड, अशा वीस खेपा करून व्हरांड्यातले दोन्ही रांजण दहाच्या आत काठोकाठ भरायची. अर्धा पेला पाणी फेकून दिलेलं दिसलं की मास्तर असो की पोरगा, सोडायची नाही. "काहून जी गुरुजी, पानी का आभायातून पडते काय?" म्हणायची. आभाळातूनच पडतं, असं म्हणायची माझी काय बिशाद!

एकोणऐंशी साली माझ्या डोक्यात काचेच्या टाकीचं खूळ शिरलं. मी विज्ञान शिकवायचो. शिक्षणाधिकारी तपासणीला येणार होते, तर वर्गात जिवंत मासे आणि झिंगे दाखवावेत म्हटलं. तुमसरहून काचा आणल्या, लोखंडी चौकटीत लांबी भरून पक्क्या बसवल्या, तळाला नदीची वाळू धुऊन घातली. पाणी अर्थातच लीलाबाईनं भरलं. काचेतून पलीकडचा माणूस दिसायला लागला तशी हरखून म्हणाली, "अवं माय! पानी उभं रायलं ना जी!"

गावच्या तलावावर मासे धरणारा डोमा ढिवर आधी चार मासे देऊन गेला आणि मग डबाभर झिंगे घेऊन आला. बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे आरपार. मी उत्साहात डबा तसाच टाकीत उपडा केला. तासाभरात निम्मे झिंगे आडवे, दुपारपर्यंत एकही हलेना. मासे मजेत फिरत होते आणि झिंगे तेवढे मेले होते.

डोमा दुसऱ्या दिवशी आला आणि माझ्यावरच उखडला. "उन्हात तापलेला डबा, अन् थंड्या पान्यात एकदम वतला तुमी! नव्या पान्याची ओयख करून द्या लागते, गुरुजी. त्याईचं पानी अन् तुमचं पानी, घोट घोट मिसवा."

पटलं. दुसऱ्या खेपेला डबा टाकीत तरंगत ठेवला, वाटी वाटी करून दोन तास पाणी मिसळलं, मग झिंगे सोडले. चांगले रमले. वाळूवरून चालत होते, मिशा हलवत होते, वर्गच्या वर्ग काचेला नाक लावून उभा. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सगळे मेलेले. पांढुरके, शिजवल्यासारखे. निम्मं पाणी बदलून तिसऱ्यांदा आणले, तेही दोन दिवसांतच गेले.

आता शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. पाणी कोण भरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं कोणी काही म्हणेना, नुसतं एकमेकांकडे पाहायचं आणि मान हलवायची. पुंडलिकरावांनी लीलाबाईला बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "बाई, साहेब येऊन जाईपर्यंत पाणी तुलाराम भरेल. पुढचं पुढे पाहू." तुलाराम म्हणजे आमचा शिपाई. पुढचं पुढे पाहू याचा अर्थ तिला कळत होता, मलाही कळत होता. तिची नोकरी गेली होती.

ती रडली नाही. लाल झाली. "माह्या हातानं झिंगे मरते म्हनता?"

"तसं कोण म्हणतंय?"

"कोनी म्हनत नाई, तेच तं! आठ रोज द्या मले सायेब. मंग काहाडा."

काय मनात आलं कोणास ठाऊक, पुंडलिकरावांनी आठ दिवस दिले. ती तडक डोमाकडे गेली. पाच झिंगे मागून घेतले आणि घरी मातीच्या मडक्यात ठेवले. पाणी शाळेच्याच विहिरीचं, भरलं तिनंच.

नवव्या दिवशी मडकं कमरेवर घेऊन ती शाळेत हजर! मी वाकून पाहिलं. पाचही झिंगे जिवंत, तुरतुरत होते.

"हीर तीच, हातबी हेच," ती म्हणाली. "मंग तुमच्या टाकीत काय हाय ते पाहा."

पुंडलिकराव म्हणाले, काही गरज नाही. पण आता मला राहवेना. मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली. लीलाबाईनं पदर खोचला आणि ओली वाळू हातानं चाळायला लागली. कोपऱ्यात हात थांबला. बाहेर काढला तर मुठीत जुना, जाडजूड ढब्बू पैसा. तांब्याचा. वर हिरवा थर चढलेला.

तांबं! आदल्याच महिन्यात मी आठवीला फळ्यावर लिहून शिकवलं होतं, की मोरचुदात तांबं असतं, चिमूटभर पाण्यात मिसळलं तरी गोगलगायी मरतात, झिंगे मरतात, मासे मात्र काही काळ तग धरतात. शिकवलं मी, आणि तीन वेळा मेलेले झिंगे उचलून फेकलेही मीच.

"हा कोनं टाकला?" लीलाबाईनं विचारलं.

तुलाराम खाली पाहत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या पैशाकडे पाहिलं, आणि मग एकाएकी व्हरांड्याकडे चालायला लागली. मला समजलं ती कुठे चाललीय. हाक न मारता मी मागे गेलो.

रांजण ती रोज भरायची, पण दर शनिवारी ते धुवायचं काम तुलारामचं होतं. तळ तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं रांजणात खांद्यापर्यंत हात घातला, ढवळला आणि बाहेर काढला. दुसरा पैसा. पलीकडच्या रांजणात तिसरा.

"बाप्पा!" एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

तुलाराम रडकुंडीला आला. "मायी काय चुकी नाई व बाई. हेडमास्तर सायबानंच सांगतलं होतं. ते बाई जे भरते त्याच्यात तांब्याचा पैसा टाक म्हने, तांब्यानं पानी शुद्ध होते म्हने. नाईतं गावातले लोक पोट्टे धाडत नव्हते शायेत." टाकीही तिनंच भरली होती, म्हणून त्यानं हुकूम पाळून टाकीतही पैसा टाकला. माणसाच्या पाण्याला लावलेला नियम त्यानं झिंग्यांच्या पाण्यालाही लावला होता.

पुंडलिकराव घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुमची नोकरी टिकावी म्हणूनच—"

ती त्यांच्याकडे वळलीच नाही. माझ्याकडे पाहत होती. "गुरुजी, तुमाले ठावूक होतं?"

होतं. अडुसष्ट सालीच मी तुलारामला रांजणात पैसा टाकताना पाहिलं होतं. "तांबं पान्याले चांगलं असते जी," असं तो म्हणाला होता, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. आपल्याला काय करायचंय, बाईला पगार तर मिळतोय, असं मनाशी म्हणून मी वर्गावर गेलो. त्यानंतर अकरा वर्षं ते पाणी प्यालो. इतक्या सवयीनं प्यालो, की टाकीसमोर डोकं धरून बसलो तेव्हाही तो पैसा मला आठवला नाही. मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुंडलिकराव घाबरले. उद्या साहेब यायचे, आणि बाईनं त्यांच्यापुढे तोंड उघडलं तर? तुलारामला पाठवलं, तर तिनं सांगून धाडलं, "पानी त्या पैशालेच भराले सांगा." मग मला पाठवलं.

घर सारवलेलं, दारात मडकं. झिंगे अजून जिवंत होते. तिनं मला बसायला पोतं टाकलं. मी काहीतरी पुटपुटत होतो, चुकलं, माफ कर, असलं काहीबाही. तिनं ऐकून घेतलं. मग आत जाऊन पेलाभर पाणी आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या गुरुजी. बुडाशी काई नाई. पाहून घ्या."

मी पाहिलं नाही. डोळे मिटून घटाघटा प्यालो. पेला खाली ठेवला तेव्हा ती मडक्यात बघत होती.

"टाकीतल्या झिंग्यायले दोन दिवसात समजलं का पान्यात जहर हाय," ती म्हणाली. "मले अकरा वर्स लागले."

शाळेत ती परत आली नाही.