रेकॉर्डवरची खरखर

मशीन बंद होतं. बटण मी स्वतः बंद केलं होतं. तरी बूथमध्ये बसलेले मगरे काका काचेपलीकडून हात हलवून सांगत होते, की खरखर अजून येतेय.

बूथ म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी जाड भिंतींची छोटी खोली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवीन जालन्यात एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी ऑडिओलॉजिस्ट होते. ऑडिओलॉजिस्ट औषध देत नाही, ऑपरेशन करत नाही. माणसाला किती ऐकू येतं, आणि कमी येत असेल तर दोष कानाच्या कोणत्या भागात आहे, ते मोजणं एवढंच आमचं काम.

मी दार उघडलं. "कोणत्या कानात येतेय काका?"

"डाव्या. पण ती कानात न्हाई मॅडम, रेकॉर्डमधी आहे. इथं कशी आली तेच कळून न्हाई राह्यलं."

काका मूळचे वडीगोद्रीचे. आयुष्य मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून गेलेलं. अमेरिकेच्या बंदरांवर जहाज लागलं, की बाकीचे लोक घड्याळं आणि परफ्यूम घ्यायचे. काका जुन्या रेकॉर्ड शोधत फिरायचे. सात इंची, मध्ये मोठं भोक असलेल्या, एका बाजूला एकच गाणं. त्यांना सिंगल म्हणतात. त्यातही त्यांना फक्त काळ्या गायकांच्या हव्या असायच्या. सोल, म्हणजे चर्चमधल्या आर्त गाण्याचा ढंग प्रेमाच्या गाण्यात आणलेला. आणि डू-वॉप, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून चार-पाच पोरांनी वाद्यांशिवाय गायलेलं. एकाचा आवाज अगदी बारीक, एकाचा विहिरीतून आल्यासारखा. हे सगळं मला काकांनीच सांगितलं. कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे.

हा नाद लागला कसा, तेही सांगितलं. तिकडच्या एका बंदरावर पाऊस होता, म्हणून ते रेकॉर्डच्या दुकानात शिरले. दुकानदार काळा, म्हातारा. त्यानं आधी बसायला स्टूल दिलं, मग रेकॉर्ड लावली. काका म्हणाले, "वडीगोद्रीत माझ्या बापाला दुकानाच्या बाहेरूनच मीठ घ्यावं लागे. अन् हा मला बस म्हणतो. मंग काय, बसलो."

निवृत्तीनंतर जालन्यात घर बांधलं तेव्हा एक खोली या रेकॉर्डसाठीच ठेवली. त्यातल्या काही तिकडेही आता मिळत नाहीत. एखाद्या गल्लीतल्या पोरांनी एकदाच गायलेलं, थोड्याच प्रती निघालेल्या, पुढे ती पोरं कुठे गेली कुणाला माहीत नाही, अशा. बायको वारली, त्यानंतर काकांची दुपार त्या खोलीतच जायची.

त्या रेकॉर्डवर खरखर यायला लागली. काकांनी सुई बदलली. जुन्या जालन्यातल्या मेकॅनिककडून अॅम्प्लिफायर दोनदा उघडून घेतला. शेवटी मेकॅनिकनं वायर भिंतीतून उपसली आणि विचारलं, "आता येतेय का?" काका म्हणाले, येतेय. मेकॅनिकनं त्यांना सरळ आमच्या दवाखान्यात पाठवलं.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"दिवाळीच्या साफसफाईपासून. सुनेनं वल्ल्या फडक्यानं पुसल्या रेकॉर्डी. कबूल करत न्हाई, पण मला ठाऊक आहे."

यावरून घरात काय झालं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मी तपासणी पुढे नेली. उजव्या कानात थोडा दोष होता. इंजिनरूममध्ये वर्षं काढलेल्या माणसाला तेवढा असतोच. डावा कान मात्र बराच खाली गेला होता. अशा वेळी चांगला कान मध्येच ऐकून फसवतो, म्हणून त्यात मुद्दाम शूं असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात आणि मग दुसरा कान तपासतात. तसं केल्यावर डावा आणखी खाली गेला. मग शब्दांची परीक्षा घेतली. मी साधे शब्द बोलायचे, त्यांनी ते परत म्हणायचे. उजव्या कानानं जवळजवळ सगळे बरोबर. डाव्या कानात आवाज मोठा केला तरी एखाददुसराच.

"आवाज येऊन राह्यला," काका म्हणाले, "शब्द न्हाई येत."

हे वाक्य आमच्या कामात वाईट समजतात. कानाच्या आतल्या भागाचाच दोष असेल, तर आवाज वाढवल्यावर शब्द थोडे तरी उलगडतात. आवाज पोचतो पण शब्द अजिबात उलगडत नाहीत, तेव्हा कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर शंका घ्यावी लागते.

मी रिपोर्ट घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे दवाखान्याचे मालक डॉक्टर. बाहेर गर्दी होती.

"वय झालं. त्यात जहाजावरचा माणूस," सर म्हणाले. "मशीन लावून दे कानाला."

"सर, इंजिनचा आवाज दोन्ही कानांना सारखाच लागतो."

सरांनी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. दोन्ही कानांच्या आलेखाच्या रेषांवरून बोट फिरवलं. मग पेन खाली ठेवलं. "चालताना तोल जातो का, विचारलंस?"

"जातो म्हणाले. जहाज सोडल्यापासून जमीनच हलते, असं म्हणून हसले."

सर हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी स्कॅनसाठी औरंगाबादला चिठ्ठी दिली.

ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. कॅन्सर नव्हता. पण ही गाठ कवटीच्या अशा कोपऱ्यात वाढते, की तिथं जागाच नसते. ती मेंदूला रेटायला लागली होती. काढली नाही तर जीव जाणार. काढली तर डावा कान कायमचा जाणार, आणि चेहऱ्याची नस तिला चिकटूनच असल्यामुळे चेहराही वाकडा होऊ शकतो. सरांनी हे सगळं स्पष्ट सांगितलं. काकांनी एकच विचारलं, "म्हंजे रेकॉर्डी खराब न्हाईत?"

"नाहीत," सर म्हणाले. "तुम्ही ऐकता ती खरखर नसेची आहे."

काकांनी मला बाजूला घेतलं आणि दिवाळीतली गोष्ट सांगितली. सुनेला त्यांनी दारात उभं करून, गल्ली ऐकेल अशा आवाजात बोल लावले होते. घाणेरड्या हाताची म्हणाले होते. हा शब्द त्यांच्या बापाला लोक म्हणायचे, ते माहीत असून म्हणाले होते. मुलगा दीपक त्याच आठवड्यात बायको आणि लहान मुलीला घेऊन जुन्या जालन्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. काकांची विनंती एवढीच होती, की सुनेला मी समजावून सांगावं. त्यांच्या तोंडून ती ऐकणार नाही.

दीपक आणि त्याची बायको वैशाली, दोघंही आले. माझ्या छोट्या खोलीत काका भिंतीकडच्या खुर्चीवर, ती दोघं माझ्यासमोर. मी कागदावर कान काढला, नस काढली, गाठ कुठं आहे ते दाखवलं. असा आवाज बाहेर कुठेच नसतो, पण माणसाला तो समोरच्या वस्तूतून येतोय असंच वाटू शकतं, हेही सांगितलं. दीपक डोळे पुसत होता. वैशाली कागदावरची गाठ बघत होती.

"मी त्या रेकॉर्डला हातसुदिक लावला न्हवता," ती मला म्हणाली. "फरशी पुसली फक्त."

"माझं चुकलं बाई," काका म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "ऑपरेशन करून घ्या," ती म्हणाली. "डबा मी पाठवीन. पण त्या घरात मी राहायला येणार न्हाई."

ती उठून बाहेर गेली. तिला समजावायला मीही गेले नाही. मला जे सांगायचं होतं ते नसेबद्दल होतं, आणि ते तिला नीट कळलं होतं.

ऑपरेशन मुंबईला झालं. वैशालीनं शब्द पाळला. तिथं एका नातेवाइकाकडे राहून ती रोज दवाखान्यात डबा पोचवायची. देऊन निघून जायची. जीव वाचला. डावा कान गेला. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओढली गेली, डावा डोळा पूर्ण मिटेना, जेवताना अन्न ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. आणि खरखर राहिली. गाठ काढल्यावर पुष्कळांची ती जात नाही. कानातून काहीच येईनासं झालं तरी मेंदू तो आवाज करतच राहतो. हे आम्ही आधी सांगितलं होतं. पण ऐकणाऱ्यानं ते तेव्हा आशेनंच ऐकलेलं असतं.

पुढे उजव्या कानाच्या तपासणीसाठी ते दवाखान्यात येईनात, म्हणून मी घरी गेले. खोलीत लाकडी खोक्यांमध्ये रेकॉर्ड उभ्या लावलेल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. काका हडकले होते. बोलताना ओठ हातानं धरायचे.

त्यांनी एक रेकॉर्ड काढली. पाच पोरांनी गायलेली, त्यांची ती एकच. ती लावून ते म्हणाले, "तुम्ही ऐका. मला सांगा, साफ आहे का."

मी ऐकलं. इंग्रजी शब्द फारसे कळले नाहीत. बारीक आवाजाचा पोरगा एकटा वर चढत जात होता आणि बाकीचे खालून त्याला धरून होते.

"साफ आहे," मी सांगितलं.

"बिलकुल?"

"बिलकुल साफ आहे काका."

त्यांनी मान डोलावली, सुई उचलली आणि मशीनवर कापड टाकलं. पुन्हा लावलेलं मी पाहिलं नाही.

दीड-दोन वर्षांनी काका वारले, हृदयविकारानं. गाठीचा त्याच्याशी संबंध नव्हता. तोपर्यंत दीपक रविवारी येऊन बसायचा, नातीला आणायचा. वैशाली त्या घराची पायरी चढली ती मयतीच्या दिवशी, आणि आल्यापासून निघेपर्यंत तिनं सगळ्यांचं केलं.

एका कानात आवाज येतो अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की कोणता कान, कधीपासून, तोल जातो का, हे प्रश्न आम्ही शिकूनच आलेलो असतो. काकांच्या नंतर मी त्यात एक वाढवला. या आवाजावरून घरात कुणाला काही बोललात का? बहुतेक लोक नाही म्हणतात. जे गप्प बसतात, त्यांच्या घरच्या माणसाला मी पुढच्या तपासणीला सोबत बोलावते. कान बरा होईल असं त्यात काही नसतं. पण बोलणी खाल्लेल्या माणसाला खरं कारण तरी उशीर व्हायच्या आत कळतं.