बोट सुधारलं

पारोळा तालुक्यात ठिबकचं काम निघालं की अमृत चिंधाचं नाव निघायचं. शेतात नळ्या अंथरायच्या, भोकं पाडून ड्रिपर बसवायचे, उंदरानं कुरतडलेला तुकडा काढून तिथं जोड घालायचा. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. पाणी कुठं अडलंय हे तो नळी नुसती चिमटीत धरून सांगायचा. लोक म्हणायचे, अमृतनानाच्या बोटांना डोळे आहेत.

ते डोळे गेल्या दिवाळीपासून मिटत चालले होते. साखरेचा आजार तेरा वर्षांचा. आधी पायांचे तळवे गेले, मग हाताची बोटं. दुखायचं नाही, खुपायचं नाही. गरम कप धरला तरी तो कप कुणा दुसऱ्यानंच धरल्यासारखा वाटायचा. नळीला भोक पाडायचा टोचा बोटांतून निसटून मातीत पडायचा आणि चार सऱ्या पुढे गेल्यावर हात रिकामा आहे हे अमृतला दिसायचं. दोन टोचे आणि एक पक्कड अशीच लोकांच्या वावरात राहून गेली.

मार्चमध्ये तर कहरच झाला. तारेचा एक तुकडा बोटात शिरला आणि हा गडी दिवसभर तसाच राबला. संध्याकाळी ताटावर बसल्यावर बायकोनं, मंजुळाबाईनं, तो पाहिला. बोट सुजलं, नख गेलं, धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. घरी आल्यावर मंजुळाबाईनं उंबऱ्यातच बजावलं, "जोवर बोट सुधरत नही, तोवर वावरमा जावानं नही. मंग कोनी बी बलावो."

मंजुळाबाई एकदा बोलली की गाठ बसली, हे अमृतला पस्तीस वर्षांत कळलं होतं.

एप्रिल गेला, मे लागला. कापसाच्या लागवडीआधी दोन एकरांतल्या नळ्या नव्यानं बसवायच्या म्हणून निंबाचे फोन सुरू झाले. निंबा जुना शेतकरी. दुसऱ्या माणसाला तो आपल्या नळ्यांना हात लावू देत नसे. अमृत दिवसभर ओट्यावर बसून राही. येणारे जाणारे "काय नाना, आराम का?" म्हणत आणि तो मान हलवी. आराम म्हणजे काय, ते त्याला काही केल्या जमेना. हे एक काम सोडलं तर आपल्यात दुसरं काही आहे का, असा विचार त्याच्या मनात यायचा आणि तोही बोटांसारखाच, दुरून.

शेवटी त्यानं एक डोकं लढवलं. निसटतात ती सुटी हत्यारं. पक्कड, चाकू, टोचा, पेचकस एकाच मुठीत मिटतील असं काही मिळालं, त्याला दोरी लावून ते खिशाला बांधलं, तर पडणार नाही आणि हरवणार नाही. डॉक्टरकडं जातो म्हणून तो धुळ्याच्या एस.टी.त बसला. ते खोटंही नव्हतं. देवपूरच्या डॉक्टरांनी सुईचं टोक दहाही बोटांना लावून पाहिलं, गोळ्या त्याच ठेवल्या आणि म्हणाले, "वेळ लागेल. कदाचित एवढंच राहील."

तिथून अमृत पूल ओलांडून सहाव्या गल्लीत भिकमचंदांच्या दुकानी आला. ठिबकचे सुटे भाग आणि बारीकसारीक हत्यारं तो वीस वर्षं इथूनच नेत होता. पुढे दुकान, मागे घर. भिकमचंद गादीवर आणि त्यांची बायको सुगनबाई मधल्या दारात डाळ निवडत बसलेली.

"या अमृतभाऊ! मेलात की काय म्हटलं," भिकमचंद म्हणाले.

"नाही शेठ, अजून यादीत नाव नाही. खिशातलं हत्यार दाखवा. सगळं एकात असतं ते. नळी कापता आली पाहिजे."

"कापता म्हणू नका हो भाऊ," सुगनबाई डाळीतून मान वर न करता म्हणाली. "सुधारता म्हणा."

अमृतला हे जुनंच होतं. या घरात 'काप' हा शब्द कुणी उच्चारत नसे. भाजी सुधारायची, आंबा सुधारायचा. हिंसेचा शब्द तोंडी नको, म्हणून हे मारवाडातून आलेल्या आजेसासूपासून चालत आलं होतं.

"नळीत कुठला जीव आला अक्का?" अमृत म्हणाला.

"नळीत नसेल. पण जिभेला एकदा वळण लागलं की ती नळी बघत नाही अन् भोपळा बघत नाही."

भिकमचंदांनी काचेखालून तीन डबे काढून ठेवले. "तुम्हीच उघडून बघा. मी पात्याला हात लावत नाही. नियम घेतलाय."

"विकतात, पण उघडत नाहीत," सुगनबाई म्हणाली. "पाप सगळं गिऱ्हाइकाच्या अंगावर."

पहिला चाकू लाल, बोटभर लांबीचा. दिसायला गोजिरवाणा. पण त्याचं प्रत्येक पातं नखानं खाचेत धरून ओढायचं होतं. अमृतचं पहिल्या बोटाचं नख अजून अर्धंच आलं होतं आणि खाच कुठं आहे हे बाकीच्या बोटांना कळेना. त्यानं सात-आठ वेळा खटपट केली. पातं जागचं हललं नाही. त्यानं तो डब्यात परत ठेवला.

दुसरं हत्यार चांगलं दणकट, मुळात पक्कडच. मुठी दोन्हीकडं फाकवल्या की मधून पक्कड निघायची. चाकू मात्र मुठीच्या पोटात. म्हणजे आधी सगळं उलगडा, मग चाकू काढा, मग सगळं मिटा. शिवाय वजन असं की सदऱ्याचा खिसा छातीवरून पोटावर आला. "हे खिशात ठेवलं तर मला एका बाजूनं चालावं लागेल," अमृत म्हणाला.

तिसरं काळं होतं. पातं बाहेरच्या अंगाला, त्याला अंगठा घालण्याएवढं भोक. अंगठ्यानं रेटलं की पातं सरळ होऊन खटक्यात अडकायचं. आत पक्कड, पेचकस, टोचा. बुडाला दोरीसाठी कडी. अमृतनं ते रेटलं, पुन्हा मिटलं, पुन्हा रेटलं. मग तो म्हणाला, "शेठ, पंखा बंद करा जरा."

"का हो?"

"करा तर."

पंखा थांबला. अमृतनं हत्यार कानाशी नेलं आणि पातं रेटलं. खट्. बारीक, पण स्वच्छ आवाज. पातं पक्कं बसलं की नाही हे बोट सांगणार नव्हतं, पण कान सांगत होता. पहिल्या दोघांत असा खटकाच नव्हता. त्यानं पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा खट्.

"पंखा बंद करून चाकू घेणारा माणूस आज पाहिला," भिकमचंद म्हणाले. "अहो, सतार घेताय का?"

"हेच द्या," अमृत म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं काहीतरी ठरवलं होतं.

मिटताना खटका आत दाबून धरावा लागे आणि मूठ धरलेली बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घ्यावी लागत. आतापर्यंत दर वेळी त्यानं डोळ्यानं बघून मिटलं होतं. या शेवटच्या वेळी तो शेठच्या बोलण्याला हसला आणि न बघता मिटलं.

"अमृतभाऊ, काचेवर काय सांडलं?" भिकमचंदांनी विचारलं आणि ते गादीवरून अर्धे उठले. "रक्त आहे हो!"

अमृतनं काचेकडं पाहिलं. "कुणाचं?" तो म्हणाला.

मग त्याला स्वतःचं पहिलं बोट दिसलं. पातं त्यात बसलेलं होतं. त्यानं ते काढलं. काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरात नळ गळताना बघावा तसा तो बघत राहिला.

सुगनबाई डाळीचं सूप टाकून धावली. फडकं, हळद, मागच्या मोरीवर पाणी. शेठ एका हातानं अमृतचं मनगट वर धरून दुसरीकडं तोंड फिरवून उभे राहिले. तेवढ्यात काचेवर ठेवलेला अमृतचा फोन वाजला. हळदीच्या हातानंच सुगनबाईनं तो उचलला.

"मी मंजुळाबाई. ते कोठे शेतस? बोटनं काय व्हयनं?" नवरा कुठं आहे आणि डॉक्टर बोटाचं काय म्हणाले, हे तिला विचारायचं होतं.

"मी सुगनबाई, धुळ्याहून. बोट ना? सुधारलं! चांगलंच सुधारलं बाई, काय सांगू तुम्हाला. पण घाबरू नका, मी..."

पुढचं ऐकायला पलीकडं कुणी नव्हतं. फोन बंद झाला होता.

पट्टी बांधून झाल्यावर शेठ म्हणाले, "राहू द्या भाऊ, नका नेऊ हे."

"हत्यार चांगलं आहे शेठ. चूक त्याची नाही," अमृत म्हणाला आणि डबा पिशवीत टाकला.

"घरून फोन होता," सुगनबाईनं जाता जाता सांगितलं. "बोट सुधारलं म्हणून कळवलंय मी."

अमृतनं मान हलवली. शब्द कानावर आला आणि पुढं निघून गेला. एस.टी.त तो खिडकीशी बसला. वाटेतलं मुकटी गाव आलं, गेलं. फडक्यावर लाल डाग मोठा होत होता, तो त्यानं सदऱ्याखाली घेतला.

पारोळ्याला घराच्या बोळात शिरतो तो शेजारच्या कुंदाबाईनं हाक मारली, "नाना, बोट सुधरनं म्हने! बरं व्हयनं बाप्पा."

अमृत जागच्या जागी उभा राहिला. धुळ्यात सुधारलेलं बोट पारोळ्यात येईपर्यंत बरं झालं होतं.

घरात शेवभाजीचा वास होता. मंजुळाबाईनं कपाळाला अंगारा लावला होता. "बालाजीले नारळ फोडी उनू," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता. "अन् निंबाभाऊले बी सांगी दिधं. सकायले येतस म्हनीसन."

अमृत खाटेवर बसला. ज्या एका गोष्टीसाठी तो दोन महिने ओट्यावर झुरत होता ती न मागता घरात येऊन बसली होती. काही बोललं नाही की झालं. सकाळी पिशवी घ्यायची आणि निघायचं. आनंद व्हायला हवा होता. तो आत कुठं लागतोय का म्हणून त्यानं चाचपून पाहिलं, पण तिथंही बोटांसारखंच झालं होतं.

"हाई काय?" मंजुळाबाईला फडकं दिसलं.

"डॉक्टरनी सुई टोची."

"समजनी का सुई?"

"समजनी."

ती मान हलवून भाकरी वाढायला वळली. जेवणं झाली. अमृत डाव्या हातानं जेवला, तेही तिनं पाहिलं. ताटं उचलून ठेवली आणि ती समोर येऊन बसली. त्याचा उजवा हात ओढून तिनं मांडीवर घेतला.

"डोया मिटा."

"कशाले?"

"मिटा तर. कोनतं बोट धरं मी, सांगा."

अमृतनं डोळे मिटले. बाहेर कुंदाबाईच्या घरी टीव्ही चालू होता. त्यानं वाट पाहिली. हात तिच्या मांडीवर आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून होता. बाकी काही नव्हतं.

"मधलं," तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.

"करंगळी?"

त्यानं डोळे उघडले. मंजुळाबाईचे दोन्ही हात पदरात होते. तिनं कुठलंच बोट धरलं नव्हतं.

मग त्यानं सगळं सांगितलं. काळं हत्यार, पंखा, काचेवरचं रक्त, आणि त्या घरात कापण्याला काय म्हणतात ते. मंजुळाबाई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मंग 'कापाई गयं' म्हनानं ना सरळ! बोट कापाई गयं अन् मी देवले नारळ फोडी उनू. देव बी हसना व्हई."

तिनं फडकं सोडलं, जखम धुतली, कोरडी पट्टी बांधली. जाऊ नका असं ती या वेळी म्हणाली नाही. ते न म्हटलेलं तसंच खोलीत राहिलं. उद्या हट्टानं गेलो तरी निंबाच्या नळ्यांना आता हे हात नकोत, हे अमृतला काचेवरचं रक्त बघतानाच कळलं होतं. फक्त ते रक्त आपलंच आहे हे मान्य करायला पारोळ्यापर्यंत यावं लागलं. त्यानं फोन उचलला.

"बोल नाना," निंबा म्हणाला. "वहिनीना फोन उनता. सकायले सात वाजता ये. ऊन व्हवाना पहिले दोन सऱ्या उरकाडू."

"निंबा, बोट सुधरनं नही. मी येत नही. दुसरा मानूस देख."

पलीकडं एक बैल घुंगरू वाजवत होता.

"दुसरा मानूसले मना वावरमा पानी कोठे अडस ते माहीत शे का?"

"नही."

"तुले माहीत शे?"

"माले माहीत शे. पन हात..."

"हात मना शेतस ना दोन! तू तोंड लई ये. बांधवर बस अन् शिव्या दे, बठ्ठं काम मी करस. सात वाजता." आणि त्यानं फोन ठेवून दिला.

अमृत फोन हातात धरून बसला. बरं वाटलं की वाईट, हे त्याला नीट उमगलं नाही. कुणाच्या वावरात नुसतं बसून बोलायचं, हे त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"काय म्हने?" मंजुळाबाईनं विचारलं.

"सात वाजता ये म्हने."

"अन् हात?"

"निंबाना."

मंजुळाबाई उठली. सकाळच्या भाकरीसाठी ती ज्वारी-उडदाचं कळणाचं पीठ डब्यातून काढू लागली.