नानाजीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

तळ्यावरची वाटणी करावी तर धुरपतानंच. मूल गावाजवळच्या त्या धिवरांच्या वस्तीत मासोळी काढून झाली, की तळ्याच्या बांधावर, पाळीवर, घराघराचे ढीग लागायचे. प्रत्येक घरानं आपली एक खूण तिच्या ओट्यात, लुगड्याच्या खोचलेल्या पदरात, टाकायची. कोणी बांगडीचा तुकडा, कोणी चिंचोका, कोणी विझलेली बिडी. मग सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि तिनं एकेका ढिगावर एकेक खूण ठेवायची. ढीग लहान आला म्हणून कोणी हूं का चूं करत नसे.

नवरा गेल्यापासून तिच्या घराचं जाळं देवर बिरजू टाकायचा. पंचवीस वर्षांचा गडी, तिनंच लहानाचा मोठा केलेला. तो पाण्यात उतरला तरच तिच्या घराची खूण ओट्यात पडायची.

अठ्ठ्याऐंशी साली बसस्टँडजवळ नानाजीनं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं आणि मेल्यानं घरं खाल्ली! आठ आणे टाका, दांडी हलवा, विमानं पाडा. पहिला डाव इतका सोपा, की पोरसोरही जिंकेल. मग विमानं अशी सुटायची, की पापणी लवायच्या आत गडी खलास. वर हा नानाजी हळहळायचा, "अरे, जरासंच राह्यलं होतं! टाक अजून एक." हरामखोर! प्रत्येक डावामागे नानाजी खेळणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लिहून तेलाच्या डब्यात टाकायचा. पोळ्याला त्यातली एक काढून शिलाई मशीन द्यायची होती. मशीन समोरच ठेवली होती, हार घालून.

"वयनी, मशीन आपलीच," बिरजू म्हणायचा. "मासोळीचं टोपलं घेऊन गावोगाव फिराचं बंद होईल तुयं."

धुरपता भुलली. तिच्या लेखी चिठ्ठी म्हणजे तळ्यावरची खूणच. टाकली म्हणजे आत असणारच, पुढचं नशीब. खूण मधल्यामध्ये नाहीशी होते हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मासोळीच्या पैशातून ती आपल्या हातानं त्याला नाणी देत गेली. बिरजू आधी तळ्यावर उशिरा यायला लागला, मग येईनासा झाला. आता साऱ्या वस्तीच्या खुणा तिच्या ओट्यात पडायच्या, तिच्याच घराची तेवढी नसायची.

पोळ्याच्या दिवशी नानाजीनं डब्यात हात घातला आणि चिठ्ठी काढली. नाव निघालं त्याच्या सख्ख्या साळ्याचं! लोक कुजबुजले. धुरपता गर्दी सारून पुढे झाली.

"डबा उलटा कर."

"काऊन, बाई?"

"आमच्या तळ्यावर कोणी म्हटलं तर मले ओटा झटकून दाखवा लागते. तू कोण लागून गेला?"

तो हसत राहिला तशी तिनं डबाच हिसकला आणि दुकानाच्या पायरीवर पालथा केला. दवाखान्यातली नर्स कमळा खाली बसून चिठ्ठ्या उलगडायला लागली.

"बाप्पा! साऱ्यांवर याच्या साळ्याचंच नाव हाय! तुमची एकबी नाई."

नानाजीला लाज? नाव नका घेऊ. "खेळ तर खेळले ना?" तो म्हणाला. "मजा आली ना? म्या कोणाचा हात धरून नाणं टाकलं का?"

"हात धरला असता तर तोडला असता तुया!" धुरपता कडाडली. "तू डोस्कं धरलं माणसाचं! हरवून हरवून 'जरासंच राह्यलं' म्हणत राह्यला. घरातला कमावता गडी नेला माया, अन् मजा इचारतं?"

गडी खवळले. कोणी गोटा उचलला, कोणी नानाजीच्या गचांडीला हात घातला. तसा तो पटकन म्हणाला, "बरं बावा, चुकलं. आज सांजेपर्यंत साऱ्यांले खेळ फुकट!"

गोटे खाली पडले. जे मारायला धावले होते तेच आत घुसले. धुरपता वळून बिरजूला शोधायला लागली. तो सगळ्यांच्या आधी गेमच्या दांडीपुढे जाऊन बसला होता.

तिनं त्याचा खांदा गदागदा हलवला. "अरे, फसवलं ना यानं तुले? उठ, चाल घरी."

बिरजूनं मान वळवली नाही. "एकच डाव, वयनी," तो म्हणाला. "जरासंच राह्यलं."